तुझे कापलेले श्वास

जयू, तुझ्या फोटोला हार घातलेला पाहिला आणि मला शिसारी आली. खरा हार असता तर दोन दिवसांनी सुकला तरी असता. हा फोनमधला हार, खाली फोनमधलीच समई, आणि तिची ज्योत दर तीन सेकंदांनी उजवीकडे झुकून परत सरळ होणारी. आपल्या इथल्या मराठी मंडळाचे सचिव कर्णिक यांनी तो ग्रुपवर टाकला आणि खाली सगळ्यांनी रांगेनं हात जोडले. एका बाईंनी हात जोडून झाल्यावर लगेच विचारलं, कुणाकडे जास्तीचा कढीपत्ता आहे का. फोटो तरी कुठला निवडावा, तर तोंड मिटलेला. सहा वर्षांत तुझं तोंड मिटलेलं मी फार तर घास चावताना पाहिलं असेल.

मी काल दुपारपर्यंत रडले नव्हते. मला नुसता वीट आला होता. सॅनिटायझरच्या वासाचा, दारात डबे ठेवून घंटी वाजवून पळणाऱ्यांचा, ‘आता ती वर सूर लावत असेल’ म्हणणाऱ्यांचा. तुझाही आला होता, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं हे तुला कधी पटलं नव्हतं. तुझ्या चुलतसासऱ्यांच्या तेराव्याला सगळे व्हिडिओ कॉलवर त्यांचं औदार्य आठवत होते, तेव्हा तू म्हणालीस की त्यांनी जन्मात कुणाला अर्धा कप चहा पाजला नाही. तुझ्या नवऱ्यानं, प्रमोदनं, टेबलाखालून तुझा पाय दाबला, असं तूच मला नंतर सांगितलंस. तेव्हा मीही तुझ्याबद्दल खरंच बोलते. माझ्याबद्दलही बोलणार आहे, आणि ते जास्त वाईट आहे.

मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटी बघते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्यांना तारीख घालायची, हे माझं काम. तू म्हणायचीस, मेधाला पगार मिळतो तो कुरापती काढण्याचा, आणि रविवारी ती फुकट काढते. तुला भेटण्याआधी मी पुण्यात गाण्याच्या पुष्कळ स्पर्धा जिंकले होते. त्यातून शिकले काय, तर कुणाहून तरी बरं गायला. कुणाबरोबर गायला मला तू शिकवलंस, आणि तेही चाळिशीत, आयर्लंडमध्ये, तुझ्या बैठकीच्या खोलीत सोफा भिंतीला सरकवून. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर तू म्हणाली असतीस, पुरे, पोहे गार होतायत.

आपलं चौघांचं जमलं कसं, हे कर्णिकांनी काल वाचून दाखवलं ते साफ चुकीचं होतं. ‘दोन संस्कृतींचा संगम’ वगैरे. संगम कसला, तू तुमच्या स्वोर्ड्स गावच्या बसथांब्यावर गुणगुणत उभी होतीस आणि विमानतळावर बॅगा चढवणारा एक उंच माणूस शेजारी येऊन बुटाच्या टाचेनं साथ करायला लागला. तो एस्तेबान, ब्यूनस आयर्सचा. त्यानं विचारलं, हा कुठला टँगो. तू सांगितलंस की हा टँगो नाही, हे कराडच्या आत्याच्या अंगणातलं कांडणाचं गाणं आहे. आत्याकडे उन्हाळ्यात मसाला कांडायला बायका यायच्या. एक उखळ, दोन बाया, दोन मुसळं. एकीचं वर जातं तेव्हा दुसरीचं खाली येतं, आणि डोळ्यांत तिखट जाऊ नये म्हणून दोघींचे डोळे मिटलेले. मग कळायचं कसं, तर श्वासावरून. वर उचलताना बाई ऐकू येईल असा श्वास घेते, तो ऐकून दुसरी मुसळ सोडते. श्वास चुकला की मुसळावर मुसळ आपटतं. एस्तेबाननं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, टँगोत ढोल नसतो. ठोक्यावर सगळ्यांनी मिळून ओढत जायचं असतं, जड कपाट सरकवल्यासारखं, आणि कपाट सरकवताना आधी कुणीतरी श्वास घ्यावा लागतो. तुम्हाला एकमेकांचं निम्मंच इंग्रजी कळत होतं. तरी दोन बसेस सोडल्या तुम्ही.

मग तू मला ओढलंस, आणि मेनूथच्या विद्यापीठात संशोधन करणाऱ्या हेमंतला, जो गाण्याआधी आणि गाण्यानंतर माफी मागतो. चार गळे, वाद्य एकही नाही. कांडण, भलरी, गोंधळ, जे हाताशी येईल ते घ्यायचं, टँगोसारखं ओढून धरायचं, आणि पोरांनी पळून जाऊ नये म्हणून खाली आजच्या गाण्यांसारखे सूर लावायचे. चौकडीचं नाव ठेवलं ‘उखळ’. त्या नावानं आपलं उखळ काही पांढरं झालं नाही. एकदा गावातल्या लायब्ररीत गायलो, सासुरवाशिणीचं दुःखाचं गाणं, आणि एक आजोबा येऊन डोळे पुसत म्हणाले, भलतीच मजा आली, काय क्रॅक होता, म्हणजे इथल्या बोलीत धमाल. तू त्यांना मिठी मारलीस. मला वाटलं होतं, या माणसाला काही कळलेलं नाही. तुला वाटलं, सगळं कळलंय.

सुरुवात कायम तुझी. हात नाही, मान नाही, एक-दोन-तीन नाही. तू श्वास घ्यायचीस, खालच्या पट्टीतला, पोटातून आलेला, आणि आम्ही तिघं उचलायचो. सहा वर्षांत एकदाही मुसळावर मुसळ आपटलं नाही.

आणि आपलं भांडण त्याच श्वासावरून. प्रत्यक्ष गाताना ठीक आहे, पण रेकॉर्डिंगमध्ये तो बशीतून चहाचा भुरका मारल्यासारखा येतो, असं माझं म्हणणं. कापूया. तू म्हणायचीस, श्वास म्हणजे घाण आहे का गं. मी म्हणायचे, रेकॉर्डिंगपुरती आहे. तू चिडायचीस, तुझं नाक लाल व्हायचं, आणि मग एस्तेबान मध्ये पडून सांगायचा की त्याच्या आजोबांच्या रेकॉर्डवर खुर्चीसुद्धा करकरते. मला तेव्हा तुम्हा दोघांचाही राग यायचा. गबाळेपणाला तत्त्वज्ञान चिकटवणारी माणसं मला कधीच सहन झाली नाहीत.

मग दोन हजार वीसचा मार्च आला. आधी दोन किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, मग पाच. माझं घर ब्युमॉन्टला, तुझं स्वोर्ड्सला. गाडीनं पाव तास, आणि तरी तू नियमाच्या पलीकडे. विमानतळ ओस पडला, एस्तेबानचं काम गेलं, तो सायकलवरून लोकांची जेवणं पोचवायला लागला. कॉलवर एकत्र गाऊन पाहिलं, तर आवाज मागेपुढे येऊन नुसता गोंगाट. शेवटी ठरलं की प्रत्येकानं आपापल्या घरी कानात ठेक्याची टकटक लावून आपापला आवाज फोनवर भरायचा आणि मला पाठवायचा. कापणं, जोडणं माझ्याकडे, आणि तू कितीही कुरकुरलीस तरी श्वास मी कापायचेच. इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, हॉट प्रेस म्हणतात, त्यात टॉवेल ठेवतात. तिथे आवाज घुमत नाही म्हणून तू पालथ्या बादलीवर गुडघे पोटाशी घेऊन बसायचीस आणि दार लावून गायचीस. बाहेर आलीस की तुझा टोमॅटो झालेला असायचा. तू म्हणायचीस, या टकटकीला श्वास नाही गं मेधा, कुणाच्या मागे जाऊ मी. मी म्हणायचे, टकटकीच्याच मागे जा.

एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत आपण पाच गाणी केली. पाचवं ते कांडणाचं, तुझ्या आत्याच्या सुरात तू बांधलेलं:

धान कांडते कांडते, कोंडा उडून गं जाई
माझ्या मनाचा गं कोंडा, सूप पाखडत नाही

तुझी फाईल आली आणि माझं डोकं फिरलं. प्रत्येक ओळीत जास्तीचे श्वास. कधी ओळीच्या शेवटाआधीच दम सुटलेला, आणि कहर म्हणजे शेवटच्या कडव्यात ‘पाखडत’ शब्दाचे दोन तुकडे. शनिवारची दुपार होती. मी तुला फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार न करता सुरू झाले.

“शब्दाच्या मध्ये श्वास घेतेस, जयू? लाज वाटायला हवी. चौथीतली पोरं घेत नाहीत.”

 तू हसलीस. “रियाज नाही होत गं. बाकी मी ग्रँड आहे. काप तू. तुला कापायला आवडतंच.”

“आणि जरा उरकत जा. दिवाळी तोंडावर आलीय, कर्णिक रोज विचारतात.”

“कापून टाक,” तू परत म्हणालीस.

सहा वर्षांचं भांडण मी जिंकले होते. मला त्या दिवशी खरोखर आनंद झाला, हेही लिहून ठेवते. मी मोठा मग भरून कॉफी केली, हेडफोन चढवले आणि संध्याकाळपर्यंत तुझा एकेक श्वास उचकटून काढला. मधल्या फटी बुजवल्या. ‘पाखडत’ सांधला. दिवाळीच्या ऑनलाइन कार्यक्रमात गाणं वाजलं तेव्हा कर्णिक म्हणाले, काय स्वच्छ, अगदी सीडीसारखं. मी सगळ्यांसमोर मान झुकवून दाद घेतली. तू तुझ्या चौकोनात उशीला टेकून बसली होतीस आणि टाळ्या वाजवत होतीस. उशीला का टेकलीय, हेही मी पाहिलं होतं. मला वाटलं, आळस.

फेब्रुवारीत एका सकाळी तू स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलंस आणि ओट्याला धरून खाली बसलीस, ती उठली नाहीस. हृदयाची एक झडप कित्येक महिने नीट मिटत नव्हती, फुप्फुसांत पाणी साचत होतं, हे सगळ्यांना तू गेल्यावर कळलं. दवाखान्यांत माणसं कोविडनं पडलीयत, माझ्या दम्याबिम्याला कुठे विचारायचं, असं तू प्रमोदला म्हणाली होतीस. आणि सगळ्यांना ग्रँड. डॉक्टरचा फोन आला असता तर त्यालाही ग्रँड. इथे ग्रँड म्हणजे मजेत, या देशात येऊन नको तो शब्द उचललास. पाय मोडला तरी ग्रँड, नोकरी गेली तरी ग्रँड. मला त्या शब्दाची किळस येते आता. दुकानातली मुलगी सुटे देताना म्हणते आणि मला तिच्या अंगावर ओरडावंसं वाटतं.

दहनाला दहाच माणसांना परवानगी. प्रमोदनं मला विचारलं होतं, पण मी त्याला म्हणाले, आम्ही तिघं रस्त्यावर उभे राहू आणि गाडी जाताना गाऊ. फार उदात्त वाटलं होतं मला ते. तोच बसथांबा. दोन-दोन मीटर अंतरावर आम्ही तिघं, मास्क लावून, एस्तेबान जेवण पोचवायच्या भगव्या जॅकेटमध्ये, हेमंत मेनूथहून आलेला. तुमच्या वसाहतीतले लोक इथल्या रीतीप्रमाणे आपापल्या फाटकाशी येऊन उभे होते. एक म्हातारी गाऊनवर कोट घालून कुत्र्यासकट आली होती, तिनं छातीवर क्रूस केला. गाडीवाल्याला कुणीतरी सांगून ठेवलं असावं, थांब्याजवळ त्यानं गाडी अगदी हळू केली. हेमंतनं फोनवर सूर दिला. आम्ही तोंडं उघडली.

आणि कुणीच गायलं नाही. आम्ही तिघंही वाट पाहत राहिलो. कशाची, हे कळेपर्यंत गाडी पुढे गेली. मागच्या गाडीच्या काचेतून तुझी इरा आमच्याकडे बघत होती. चौदा वर्षांच्या पोरीनं काय पाहिलं असेल, तर आईच्या तीन मैतरांनी मास्कच्या आत तोंडं वासलीयत.

“कधी उचलायचं ते तिनं सांगितलंच नाही,” एस्तेबान म्हणाला. इंग्रजीत म्हणाला, पण मला ते मराठीतच आठवतं. मी मास्क खाली ओढला आणि थांब्यामागच्या कुंपणाशी जाऊन ओकले.

त्यानंतर चार दिवसांनी कर्णिकांचा फोन. रविवारी ऑनलाइन श्रद्धांजली ठेवलीय, दिवाळीचं ते स्वच्छ रेकॉर्डिंग द्या, खाली हलकीशी बासरी टाकू, वर पणत्या. मी हो म्हटलं. खरं सांगते, मला त्यात काही गैर वाटलं नाही. ते माझं सर्वांत चांगलं काम होतं. आधी घरच्यांना पाठवावं म्हणून प्रमोदला पाठवलं, आणि तासाभरात इराचा फोन आला. तुला माहितेय, तिला सगळं मराठी कळतं आणि उत्तर स्वोर्ड्सच्या इंग्रजीत येतं, त्यात आईची मॅम होते. मी विचारलं, ऐकलंस का, कसं वाटलं. म्हणाली, लव्हली आहे. 

“बट मॅम डझन्ट ब्रीद इन इट, मावशी,” ती म्हणाली. “नॉट वन्स.”

जिच्यात आई श्वास घेते अशी फाईल आहे का तुझ्याकडे, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, बघते.

आमच्या कारखान्यात नापास झालेला भाग फेकून देत नाहीत. लाल डब्यात, तारखेची चिठ्ठी लावून ठेवतात, कारण पुढे काही बिघडलं तर उत्तर त्या डब्यातच सापडतं. ती सवय माझ्या हाडीमांसी खिळलीय. तुझे कापलेले श्वास मी फेकले नव्हते. कॉम्प्युटरवर एक फोल्डर करून त्यात, तारीखवार, ठेवले होते. फोल्डरचं नाव ‘कचरा’.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते ओळीनं ऐकले. नुसते श्वास, गाणं नाही. एप्रिलमधले तुझे, आखूड आणि भरलेले, आत्याच्या अंगणातले. जूनमध्ये जरा लांबलेले. ऑगस्टमध्ये प्रत्येकाच्या आधी एक छोटा अडखळा. ऑक्टोबरमध्ये एका श्वासाच्या जागी दोन, पहिला पुरला नाही म्हणून घेतलेला दुसरा, आणि तळाशी ओलसर खरखर. शाळकरी पोरालाही कळलं असतं. कारखान्यात असा चढता आलेख दिसला तर मी मधल्या तारखेलाच मशीन बंद करायला लावते, मला कुणाची परवानगी लागत नाही. तुझे श्वास मी सहा महिने हेडफोन लावून, एकेक सुटा करून, मोठा करून ऐकत होते. जगात कुणी ऐकले नसतील इतक्या जवळून. आणि मला त्यात फक्त घाण ऐकू आली. मला माझ्या कानांची किळस आली, जयू. हे कान मी लहानपणापासून मिरवलेत. चांगला कान आहे पोरीला, असं गुरुजी म्हणायचे.

त्याच दुपारी मी तुझ्या घरी गेले. हातात खिचडीचा डबा घेतला, म्हणजे मीही डबेवाल्यांतलीच झाले. प्रमोद दारात, मी फाटकापाशी, मध्ये तुझं वाळलेलं लव्हेंडर. मी त्याला सगळं सांगितलं. फोल्डरचं नावसुद्धा. मला हवं होतं की त्यानं मला हाकलावं, फाटक धाडकन लावावं, निदान एक शिवी द्यावी. तो उंबऱ्यावर बसला.

“जिन्यात बसायची ती,” तो म्हणाला. “मधल्या पायरीवर. कपड्यांची बास्केट मांडीवर घेऊन. मी म्हणायचो, वजन वाढलंय तुझं, चालायला जात जा.”

 मी शिक्षा मागायला गेले होते आणि त्यानं स्वतःचीच माझ्यापुढे ठेवली. मग तो उठला, डबा घेतला, आणि म्हणाला, “इराला ते दे. सगळे श्वास घालून दे.”

मी दोन दिवस रजा काढली. काढणं सोपं होतं, परत बसवणं फार कठीण. फटी मी बुजवल्या होत्या, त्या उसवाव्या लागल्या. टकटक काढून टाकली. आम्हा तिघांचे आवाज काढून टाकले. राहिलीस तू एकटी, हॉट प्रेसमध्ये, बादलीवर, धापा टाकत आणि गात. सूर एका ठिकाणीही हललेला नव्हता. श्वास पुरत नसताना सूर इतका स्थिर ठेवायला काय लागलं असेल, ते मला आता कळतंय, आणि मी तुला चौथीतल्या पोरांचं उदाहरण दिलं होतं.

फाईल कर्णिकांना पाठवली तर त्यांचा लगेच फोन. माणूस वाईट नाही, पण हार आणि समईच्या पलीकडे त्यांची उडी जात नाही. मेधाताई, यात मागे आवाज येतोय, धाप लागल्यासारखा, लोकांना त्रास होईल. मी म्हटलं, होऊ दे. निदान तो शब्दाच्या मधला तरी काढा, ते म्हणाले, वहिनींचं गाणं कसं नीट जायला हवं. मी त्यांना सांगितलं की वहिनींचं गाणं मी एकदा नीट केलेलं आहे, आणि आता त्याला कुणी हात लावला तर माझ्याशी गाठ आहे. बासरी नाही, पणत्याही नाहीत. ते दुखावले. दुखावू देत.

काल रविवार. दुपारी तीनला चौकोन भरायला लागले. कराडहून तुझी आत्या, कुणीतरी फोन धरलेला, त्यामुळे निम्मं कपाळच दिसत होतं. प्रमोद सोफ्यावर. इरा त्याच्याशेजारी नव्हती. तिचा चौकोन वेगळा होता, मागे घड्या केलेले टॉवेल. ती हॉट प्रेसमध्ये जाऊन बसली होती, तुझ्या बादलीवर. कर्णिकांनी संगमाचं भाषण वाचलं. मग मला बोलायला सांगितलं. मी एवढंच म्हणाले की दिवाळीला तुम्ही जे ऐकलंत त्यातले श्वास मी कापले होते, ती माझी चूक होती, आणि आज ते परत घातलेत. कुणाला काय कळलं, मला माहीत नाही. हात जोडलेली चित्रं पुन्हा तरंगायला लागली.

आम्ही तिघांनी आवाज बंद ठेवून गायचं ठरवलं होतं. तसंही कॉलवर चार आवाज एकत्र येत नाहीत. प्रत्येकानं आपल्या घरी, फक्त तुझ्याबरोबर. सूर द्यायला कुणी नको, मोजायला कुणी नको. मी स्क्रीनवर हेमंतकडे आणि एस्तेबानकडे बघत होते. तो सायकलवरून मध्येच घरी आलेला, जॅकेट तसंच.

तू श्वास घेतलास, आणि आम्ही तिघांनी उचललं.

इराचेही ओठ हलले. मी तिला हे गाणं कधी शिकवलेलं नाही. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून पाठ झालं असेल पोरीला. दुसऱ्या कडव्यापर्यंत मला भान नव्हतं, मी नुसती तुझ्यामागून जात होते, तू ओढशील तशी, थांबशील तशी. मग शेवटचं कडवं आलं आणि मला धडकी भरली. त्या शब्दाबद्दल आम्ही काही बोललोच नव्हतो. हेमंत आणि एस्तेबान दिवाळीच्या गाण्यात तो शब्द अखंडच गायले होते, त्यांच्या गळ्यात तोच बसलेला.

‘पाख’ म्हणालीस आणि थांबलीस. पहिला श्वास घेतलास, तो पुरला नाही.

आणि तिघंही थांबलो. हेमंतचे डोळे मिटलेले, एस्तेबानचं तोंड अर्धवट उघडं, इरानं टॉवेल घट्ट धरलेला. कुणीतरी खाली लिहिलं की आवाज गेला, लिंक अडकली बहुतेक. कर्णिक काहीतरी करायला पुढे वाकले. माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि मी तोंड उघडं ठेवून वाट बघत होते, तुझ्या दुसऱ्या श्वासाची.

दम खा, जयू. उरकायची काही घाई नाही. आम्ही थांबलोय.